गुणाचा हात

बुलढाणा
९ ऑगस्ट २०२४

चि. सुचिता,
अनेक आशीर्वाद.

"हात गुणाचा हाये पोरी, पण हात लोकाच्या घरचा हाये." तुझे आजोबा मला हे म्हणाले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. सुलतानपूरच्या आपल्याच वावरात कपाशीच्या बियाण्याचं क्रॉसिंग चाललं होतं. संध्याकाळी ते माझ्या ओळीतून फिरले, बोंडं पाहिली, आणि हसत हसत असं बोलले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. आता मी कचेरीत आवक-जावकचं टेबल बघते, आणि इतक्या वर्षांत एकाही फुलाला हात लावलेला नाही.

तुझं पत्र वाचून हे वाक्य आठवलं. दादानं, तुझ्या बाबांनी, तुझा फोन काढून घेतला, हे मला पत्रावरूनच कळलं. दादाच्या फोनवर बोलतेस तेव्हा "बरी आहे" एवढंच म्हणतेस, कारण तो समोर बसलेला असतो. मंजुळाबाईच्या पत्त्यावर लिहायचं तू सुचवलंस ते बरं केलंस. ती क्रॉसिंगच्या टोळीची मुकादम, तिच्याकडे येणं-जाणं तुझं रोजचंच. कोणाला संशय येणार नाही.

कागदांची काळजी करू नकोस. अकरावी-बारावीची दोन वर्षं तू माझ्याकडे राहिलीस, त्यामुळे तुझी टीसी, मार्कशीट, जातीचा दाखला सगळं माझ्याच कपाटात आहे. कृषी कॉलेजची यादी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात लागेल. तोवर घरात शब्दानं शब्द वाढवू नकोस.

तुला बघायला येणाऱ्या बीबी गावच्या पाहुण्यांना तुझ्याबद्दल कोणी सांगितलं, असं विचारलं आहेस. अशा गोष्टी गावोगाव कळतच असतात, सुची. शोधत बसण्यात अर्थ नाही.

तुझी,
पुष्पाआत्या


सुलतानपूर
१४ ऑगस्ट २०२४

ती. आत्यास,
सा. न.

पाहुणे रविवारी येऊन गेले. पाच जण होते. मुलाची आई, सत्यभामाबाई, माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "हात दाव बरं." मला वाटलं बांगडीचं माप घेते. तिनं माझी बोटं उलटी केली आणि चिमटा धरून धरून अंगठ्याला जो घट्टा पडलाय तो दाबून पाहिला.

"दिवसाले किती ओळी करते?"

मी बोलायच्या आत बाबा म्हणाले, "दोन ओळी, मावशी. अन् फुलाची गळ म्हणसान तं नाहीच."

"पोरीले बोलू द्या ना भाऊ."

"दोन," मी म्हटलं.

"फूल हातात घेतल्यावर श्वास रोखते का?"

आत्या, हे मला आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. मी रोखते. हो म्हटलं. तिनं मुलाकडे पाहून मान हलवली.

बारावीला किती पडले, पुढं काय करणार, हे कोणीच विचारलं नाही. मुलाचं नाव हरिओम. वाईट नाही तो. त्यांची मिरचीच्या बियाण्याची चार शेडनेट आहेत. मागच्या वर्षी टोळी मिळाली नाही आणि एका नेटमधली फुलं तशीच गळून गेली, असं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "माणूस घरचं असलं की काम आपलं वाटते." सगळे हसले. बाबाही हसले.

ते गेल्यावर मंजुळाबाई आईला म्हणाली, "काहो विमलबाई, हे लोक सून पाहाले आले होते का मजूर लावाले?" आईनं तिला कप विसळायला दिले.

तुला मी कॉलेजचं कधी नीट सांगितलं नाही. आपल्या नेटसाठी बियाणं कंपनी नराची रोपं वेगळी देते, मादीची वेगळी. आपण मादीच्या कळीतला नर चिमट्यानं काढतो, दुसऱ्या सकाळी दुसरा पराग लावतो, देठाला दोरा बांधतो. त्या दोन्ही जाती कुठल्या, ते आपल्याला कोणी सांगत नाही. पिशवीवर नुसता आकडा असतो. मी कंपनीच्या साहेबांना विचारलं तर म्हणाले, तुला काय करायचं? मला तेच करायचं आहे आत्या. कोणता पराग कोणत्या फुलाला लावायचा, ते मला ठरवायचं आहे. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग बीबीत जाऊन ठरव. चार नेट हायेत त्याहिचे."

सोमवारी तू राखीला येशील. बाबा कागद मागतील. देऊ नकोस. आपल्याला एकांतात बोलायला मिळणार नाही, म्हणून आताच लिहिते.

तुझी,
सुची


बुलढाणा
२२ ऑगस्ट २०२४

चि. सुचिता,

राखीच्या दिवशी तुझ्याकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही. तू निरांजन लावून दिलंस आणि दाराशी उभी राहिलीस. पाठीवर तुझी नजर कळत होती.

कागद माझ्या कपाटातच आहेत. दादानं मागितले, मी आणले नव्हते. तेवढं तू ऐकलंसच.

आता रागावू नकोस, पण थोडं शांतपणे ऐक. दादा म्हणतो की बीबीचे लोक लग्नानंतर शिकवायला तयार आहेत. घरून परीक्षा देता येतात. तो मुलगा तुला वाईट वाटला नाही, हे तूच लिहिलं आहेस. माझं लग्न झालं तेव्हा मी तुझ्या मामाजींचा चेहराही नीट पाहिलेला नव्हता, आणि माणूस चांगला निघाला. त्यांनीच मला बी.ए. करू दिलं, नोकरी करू दिली. माझं माहेर म्हणजे आता दादाच. तुझे आजोबा गेल्यापासून त्याच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नाही. हे तुला पटायला पाहिजे असं नाही, पण माहीत असावं.

तुझं मन मोडायचं म्हणून लिहीत नाही. दोन्ही बाजूंनी विचार कर, एवढंच.

आत्या


सुलतानपूर
४ सप्टेंबर २०२४

आत्या,

तुझ्या पत्राला लगेच उत्तर दिलं नाही, कारण मी बीबीला गेले होते. त्यांचं नेट ऐन फुलात आणि टोळी नाही, म्हणून हरिओमचे वडील बाबांकडे आले. बाबा म्हणाले, "मजुरीनं नाही, सावडीनं पाठवतो. तुमचं आज, आमचं उद्या." मंजुळाबाईच्या टोळीसोबत मला दोन दिवस धाडलं. अजून सुपारी फुटलेली नाही, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मी जायला नाही म्हटलं नाही. मनात एक ठरवून गेले होते.

नर काढताना चिमट्याचं टोक जरा आत गेलं की पराग लावायची मधली दांडी मोडते. वरून काही दिसत नाही. दोरा बांधला की फूल चांगलंच दिसतं, आणि पाच-सहा दिवसांत गळून पडतं. मला त्यांनी मधली एक सबंध ओळ दिली होती. ती ओळ मी रिकामी करणार होते. आठवड्यानं सत्यभामाबाई पाहायला येईल, दोरे लोंबताना दिसतील आणि मिरची एकही नसेल. मग बीबीहून निरोप येईल की पोरीच्या हाताचं नुसतंच नाव. संपलं.

पहिलं फूल मोडलं. दुसरं मोडलं. तिसऱ्याला मी श्वास रोखला आणि चिमटा जसा जायचा तसाच गेला. मी मुद्दाम जोर लावला तर हात थांबला. असं चार वेळा झालं. मग मी उरलेली ओळ नेहमीसारखीच केली. दुसऱ्या सकाळी परागही नीट लावला. लाल दोरे बांधले. मंजुळाबाई शेजारच्या ओळीत होती, तिनं पहिल्या दोन फुलांकडे पाहिलं होतं. दुपारी भाकर खाताना म्हणाली, "तुह्याच्यानं नाही होत बाई ते. माह्याच्यानंबी नसतं झालं."

परवा बीबीहून निरोप आला. सबंध ओळीत दोनच फुलं गळाली. सुपारी पंधरा तारखेला, रविवारी. पित्रपक्ष लागायच्या आत उरकायची म्हणतात.

आता दुसरी गोष्ट. नेटमध्ये सत्यभामाबाई माझ्यामागं उभी राहून कौतुकानं म्हणाली, "चिखलीच्या लग्नात तुह्या आत्यानं सांगतलं तवा मले खरं वाटलं नव्हतं. म्हणे, आमच्या सुचीच्या हातचं फूल गळत नाही. म्हणलं, पाहूनच येतो."

तू लिहिलं होतंस की अशा गोष्टी गावोगाव कळतात.

आणि राखीच्या दिवशी तू बाबांना ओसरीत काय म्हणालीस, तेही मला आईकडून कळलं. "महालक्ष्म्यांना येते तेव्हा कागद घेऊन येते." मला लिहिताना तू फक्त म्हणालीस की कागद कपाटात आहेत. कपाटात आहेतच. दहा तारखेपर्यंत.

खरं काय ते एकदा लिही. नाहीतर लिहू नकोस.

सुचिता


बुलढाणा
६ सप्टेंबर २०२४

चि. सुची,

दोन्ही खरं आहे.

तुझं पत्र आज दुपारी कचेरीतच मिळालं. टपालाचा गठ्ठा माझ्याच टेबलावर येतो. तुझं पाकीट वेगळं काढलं आणि संध्याकाळपर्यंत उघडलं नाही. अक्षर पाहूनच कळलं होतं.

चिखलीच्या लग्नात आम्ही बायका मांडवामागे बसलो होतो. सत्यभामाबाईनं सहज विचारलं, भाची काय करते? बारावी झाली, एवढं सांगून थांबले असते तर चाललं असतं. पण मी तुझ्या हाताबद्दल बोलायला लागले आणि थांबलेच नाही. तू चिमटा कसा धरतेस, कळी कोणत्या वेळी घेतेस, सगळं. ती ऐकत होती म्हणून मी सांगत होते. इतक्या वर्षांत माझ्याशी त्या कामाबद्दल कोणी बोललं नव्हतं. तुझं कौतुक करत होते ते खरं, पण त्यातलं निम्मं माझं स्वतःचं होतं, हे मला घरी येताना बसमध्ये कळलं. तिनं उठताना तुझं वय विचारलं, तेव्हाही कळायला हवं होतं. ते मात्र कळून घेतलं नाही.

कागदांचं म्हणशील तर, दादानं ओवाळणीत साडी ठेवली आणि म्हणाला, "पुष्पे, कागदं आण म्हणलं होतं तुले." मी "महालक्ष्म्यांना आणते" म्हणून मोकळी झाले. नाही म्हणायची मला सवय नाही. तुला ते सांगायची लाज वाटली.

तुझ्या ओळीबद्दलचा मजकूर मी तीनदा वाचला. मोडता आलं नाही म्हणून स्वतःवर चिडू नकोस. तुझ्या हातानं तुझं ऐकलं नाही, आणि माझ्या हाताचं मी कधी ऐकलं नाही. ते काम मी तुझ्या आजोबांच्या एका वाक्यावर सोडून दिलं होतं.

महालक्ष्म्यांना मी येणार नाही. कागद इथेच राहतील. दादाला फोन करून सुट्टी मिळत नाही असं सांगते. पुढचं काय ते पत्रात लिहीत नाही. तू अठरा वर्षं पूर्ण केली आहेस, एवढं लक्षात ठेव. तुला माझ्याकडे यायचं असेल तर कधी, ते तू कळव. मी न्यायला येईन.

आत्या


सुलतानपूर
१० सप्टेंबर

आत्या,

घाईत लिहिते. महालक्ष्म्या बसल्या आहेत, घर माणसांनी भरलंय.

तुझं पत्र आईला सापडलं. मंजुळाबाईनं फराळाच्या डब्यात तळाशी ठेवून दिलं होतं, डबा आईनंच उघडला. मला वाटलं आता बाबांच्या हातात जाणार. आई आत गेली. थोड्या वेळानं मला हाक मारली आणि ज्वारीच्या कोठीतून काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "तुह्या आत्याचं अक्षर चांगलं हाये. शुक्रवारी बीबीकडून दोनची गाडी असते. फाट्यावर थांबते."

मग नैवेद्याच्या पुऱ्या लाटायला बसली. मी शेजारी बसले तर म्हणाली, "काऊन रडून राह्यली? पीठ खारट होते."

मंजुळाबाई हे पत्र उद्या सकाळी मेहकरला टाकेल, म्हणजे लवकर मिळेल. न मिळालं तरी मी शुक्रवारी फाट्यावर असेन. तू असशील का ते मला माहीत नाही.

सुची


बुलढाणा
२१ सप्टेंबर २०२४

ती. दादास,
पुष्पाचा सा. न.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. त्या शुक्रवारी संध्याकाळी तू म्हणालास, "आजपासून मले बहीण नाही." आणि फोन ठेवलास. परवा बाबांची तिथी झाली. दरवर्षी खीर करायला मी यायचे. या वर्षी निरोप आला नाही. मी इथे केली. सुची जेवली, तुझे भाऊजी जेवले.

तुला वाटतं पोरीनं तुझं नाक कापलं. तिनं नाही, मी कापलं, आणि कसं ते माझ्याकडूनच ऐक. बीबीच्या लोकांकडे तिचं नाव मी नेलं होतं, चिखलीच्या लग्नात, माझ्या बढाईपायी. त्यामुळे ते परत घ्यायलाही मीच गेले. तेरा तारखेला सकाळच्या गाडीनं बीबीला उतरले. सत्यभामाबाई नेटमध्येच होती. सुपारीची तयारी विचारायला आले असं वाटून तिनं चहा ठेवायला सांगितला.

मी म्हटलं, "चहा नको. सुपारी होणार नाही, ते सांगायला आले."

"तुमच्या भागवतभाऊनं धाडलं?"

"त्याला माहीत नाही."

"मंग तुमी कोण नाही म्हणणाऱ्या? चिखलीत तुमच्याच तोंडानं सांगतलं ना बाई?"

"माझ्याच तोंडानं. म्हणूनच मी आले."

ती वळली. एका ओळीपाशी जाऊन उभी राहिली. लाल दोऱ्यांची, सुचीनं केलेली ओळ होती ती. प्रत्येक दोऱ्याखाली मिरची धरलेली. मी खोटं सांगत नाही दादा, मला रडू आलं. तिला वाटलं मी माफी मागते आहे.

"पोरीचं मन नाही का आमच्या हरीवर?"

"मुलगा चांगला आहे. तिचं मन शिकण्यावर आहे."

"मीबी चिमटाच धरून आली ह्या घरात," ती म्हणाली. "मले कोणी इचारलंच नाही, तं नाही कोणाले म्हणाचं होतं?" मग तिनं पदरानं हात पुसले. "भागवतभाऊले मी काही सांगत नाही. ते तुमचं तुमी पाहा. पण हे ध्यानात ठेवा बाई, ऐन वक्ताले मोडलं तुमी. गावात आमचंबी तोंड हाये."

तिचं बोलणं खरं आहे. त्यांचा मी अपराध केला आहे आणि तुझाही. ते नाकारत नाही.

परतीची गाडी सुलतानपूरच्या फाट्यावर थांबली. सुची एकटी उभी होती. वहिनीला काही विचारू नकोस, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. सुचीनं मला खिडकीत पाहिलं आणि लगेच चढली नाही. कंडक्टर ओरडला, "येते का राहते वं पोरी?" तेव्हा चढली. मेहकरला तिनं विचारलं, "बाबांना सांगशील ना तूच?" मी हो म्हटलं. घरी पोचल्यावर सर्वांत आधी तुलाच फोन केला.

काल यादी लागली. तिचा नंबर अकोल्याच्या कृषी कॉलेजात लागला आहे. तिला घेऊन गेले ते तुझ्यावर सूड म्हणून नाही. बाबा मला एकदा म्हणाले होते की माझा हात लोकाच्या घरचा आहे. तूही तिथेच होतास, पाण्याची बारी धरायला आला होतास. तुला आठवतं का, तू मोठ्यानं हसला होतास? मी तुझ्यावर त्याबद्दल कधी रागावले नाही. आपण दोघंही लहान होतो. पण सुचीच्या बाबतीत तेच वाक्य तुझ्या तोंडून निघालं, फक्त शब्द बदलले. "बीबीत जाऊन ठरव." ती हे मला घरी परत सांगत होती तेव्हा हसत नव्हती.

ती तुझं नाव रोज काढते. परवा खीर ढवळताना म्हणाली, "बाबांना वेलदोडा जास्त लागतो." काल तुझ्या नेटमध्ये नर काढायला आता कोण आहे, याची काळजी करत होती. मंजुळाबाई करेल म्हटलं, तर म्हणाली, तिचा उजवा डोळा अधू आहे, तिला उजेडाच्या बाजूची ओळ द्यायला सांग. मी तुला सांगते आहे. देशील.

शुक्रवारी, २७ तारखेला, अकोल्याला प्रवेश आहे. साडेअकराला कागद तपासायला बसतात. सगळे कागद माझ्याजवळ आहेत. वसतिगृहाच्या फॉर्मवर शेवटी पालकाच्या सहीची जागा आहे. मी चौकशी केली, आत्याची सही चालते. सुचीनं फॉर्म पूर्ण भरला आणि पेन माझ्या हातात दिलं. मी सही केली नाही. म्हटलं, अकोल्याला गेल्यावर करू. तिला कारण कळलं असावं, तिनं फॉर्म बाकीच्या कागदांत ठेवून दिला.

बीबीच्या लोकांपुढे तुझी मान खाली गेली आहे आणि तुझा स्वभाव मी जन्मापासून ओळखते. हे पत्र तू पुरतं वाचशील की नाही, हेही सांगता येत नाही. तरी आम्ही शुक्रवारी साडेअकरापर्यंत कॉलेजच्या दाराशी उभ्या असू, आणि ती जागा तोवर कोरीच ठेवू. दादा, तू ये आणि तिथे सही कर.

तुझी,
पुष्पा